पाच लाखांचं कार्ड आणि रात्रपाळीची सिस्टर

खानदेशात एका घरात दोन पक्ष नांदणं नवीन नाही. मुक्ताईनगरच्या खडसे कुटुंबात सून भाजपची केंद्रीय राज्यमंत्री आणि सासरे शरद पवारांच्या पक्षात, हे सगळा जिल्हा पाहतो. आमच्या घरातला वाद साध्या माणसांचा, पण तितकाच मनापासून चालतो. माझे वडील, अण्णा, कोषागारात नोकरी करून निवृत्त झाले. जनसंघाच्या पणतीच्या काळापासूनचे कार्यकर्ते. माझ्या सासूबाई धुळे जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका होत्या. माहेर पिढीजात काँग्रेसचं. त्यांना सगळं गाव सिस्टर म्हणतं, म्हणून विहीण असूनही अण्णाही सिस्टरच म्हणतात.

१० मार्च २०२५ रोजी अजित पवारांनी राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडला. त्या आठवड्यात सिस्टर जळगावला आल्या होत्या, माझ्या थोरल्या काकांना भेटायला. काका यावल तालुक्यात केळी लावतात. छातीत दुखलं म्हणून जळगावच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, केशरी रेशनकार्डावर अँजिओप्लास्टी झाली आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले. बिल भरावं लागलं नाही. अण्णांनी तिथूनच सुरुवात केली.

“सिस्टर, दादाकडे बघा. हे सरकार नसतं तर केळीचं अर्धं शेत गहाण पडलं असतं. जुलै २०२३चा निर्णय आहे: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. १,३५६ उपचार.”

“निर्णय चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते? पण अण्णा, ही योजना काल जन्मली नाही. २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमचं धुळं होतं. तुमच्या जळगावचा नंबर नोव्हेंबर २०१३मध्ये लागला. दीड लाखाचं संरक्षण आणि ९७१ उपचार. पृथ्वीराज चव्हाणांचं सरकार होतं. आरोग्यमित्राचं टेबल काय असतं ते आम्ही तुमच्या आधी पाहिलं.”

“आणि ‘जीवनदायी’ हे नाव कोणाचं? १९९७ साली युतीच्या सरकारनं जीवनदायी योजना काढली होती. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, अशा मोठ्या आजारांसाठी. तुमच्या लोकांनी तिच्यापुढे राजीव गांधी लावलं.”

“आणि तुमच्या लोकांनी १ एप्रिल २०१७पासून ते काढून महात्मा फुल्यांचं नाव दिलं. फुल्यांचं नाव मला प्रिय आहे. पण नाव बदलायला जेवढी लगबग झाली तेवढी कधी नर्सभरतीला झाली नाही.”

इथे दोघंही खरं बोलत होते. युतीनं पाया घातला, आघाडीनं त्यावर विम्याची इमारत उभी केली, फडणवीसांच्या काळात नाव बदललं, सप्टेंबर २०१८मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, ठाकरे सरकारनं एप्रिल २०२०पासून दोन्ही योजना एकत्र चालवल्या आणि कोरोनात पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं, शिंदे सरकारनं रक्कम पाच लाखांवर नेली. कोणत्याही सरकारनं आधीच्याची योजना बंद केली नाही. महाराष्ट्राच्या राजकारणात इतकं सातत्य क्वचित दिसतं, आणि त्याचं श्रेय सगळ्यांना द्यायला हवं. माझा प्रश्न वेगळा आहे. सगळ्यांनी एकाच बाजूनं भर घातली, तर दुसरी बाजू सगळ्यांच्याच काळात का खचली?

ती दुसरी बाजू सिस्टरांनी पाहिलेली आहे. त्यांनी एका रात्रीची गोष्ट सांगितली. ग्रामीण रुग्णालय, पावसाळ्याचे दिवस, वॉर्डात आणि प्रसूतिगृहात मिळून त्या एकट्या. दहाच्या सुमारास सर्पदंशाचा पेशंट आला, कापसात काम करणारा तरुण. विषावरची लस सलाईनमध्ये सोडली की माणसाजवळून हलायचं नसतं. अंगावर पित्त उठतं का, श्वास लागतो का, रक्तदाब पडतो का, हे बघत राहायचं, आणि ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवायचं. लस सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच आत पावरा समाजाची एक पहिलटकरीण कळा देऊ लागली. सिकलसेलची, अंगात रक्त कमी. डॉक्टर एकच, ते आत धावले. टाके घालायला, बाळ घ्यायला त्यांना माणूस हवा. सिस्टरांनी आयाबाईला तरुणाजवळ बसवलं, “ह्याच्या ओठांकडे बघ, निळे पडले तर ओरड,” असं सांगितलं आणि आत गेल्या.

“वाचले का?” अण्णांनी विचारलं.

“तिघंही वाचले. त्या रात्री. पण आयाबाईच्या डोळ्यांवर सोपवून मी गेले होते हे मी विसरलेले नाही. अण्णा, ते दोघंही तुमच्या योजनेत बसणारे होते. कार्ड असतं, नसतं, काय फरक पडला असता? मला तिथे दुसरी सिस्टर हवी होती. तिची जागा मंजूर होती. माणूस नव्हतं.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, पण हार मानायचा त्यांचा स्वभाव नाही.

“म्हणूनच मी म्हणतो, सरकारच्या भरवशावर कशाला राहायचं? खासगीत डॉक्टर आहेत, मशिनं आहेत. सरकारनं पैसे भरावेत, पेशंटनं हवं तिथे जावं. देशात माणूस उपचारांसाठी स्वतःच्या खिशातून जो खर्च करायचा, तो एकूण आरोग्यखर्चाच्या ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला. २०१३-१४ ते २०२१-२२. केंद्राच्याच आरोग्य लेख्यांतला आकडा आहे. हे कार्डामुळे, योजनांमुळे झालं.”

“काही योजनांमुळे झालं, मान्य. पण शंभरातले चाळीस रुपये अजून लोकच भरतात ना? ते कुठे जातात ते मला विचारा. बीपीची गोळी, शुगरची गोळी, रक्ताची तपासणी, बाळाचा खोकला. यातलं काहीच ‘ॲडमिट’ नाही, म्हणून कार्डात नाही. आणि हवं तिथे जावं म्हणता, तर शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरून कुठे जायचं? अक्राणीतून कुठे? खासगी रुग्णालय जिथे पैसे मिळतात तिथे उभं राहतं. सर्पदंश तिथे होत नाही.”

इथून अण्णा आपल्या हक्काच्या जागेवर आले. अर्थसंकल्पाचं पुस्तक हा त्यांचा आवडता विषय. आरोग्याचा महसुली खर्च लेखाशीर्ष २२१० खाली, इमारतींचा भांडवली खर्च ४२१० खाली. ते म्हणतात, पेपरात ‘तरतूद’ छापून येते तिला लोक खर्च समजतात. तरतूद विधिमंडळ मंजूर करतं. पैसा बीडीएस या निधीवाटपाच्या संगणकप्रणालीवर हप्त्याहप्त्यानं सुटतो. वित्त विभाग वर्षभर हात आखडता ठेवतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम मोकळा करतो. मग ३१ मार्चच्या रात्री कोषागारात बिलांचा ढीग. औषधांसाठी आलेला पैसा वेळेत खर्च झाला नाही तर समर्पित करावा लागतो, म्हणजे परत. पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून.

“आणि पदांचं सांगतो,” अण्णा म्हणाले, “कारण ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. रिकामी जागा वित्त विभागाला खुपत नाही. वेतनाची तरतूद वाचते. एक कायम नर्स म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचा पगार, प्रत्येक वेतन आयोगाची वाढ, पुढे निवृत्तिवेतनाचा वाटा. इमारत एकदाच बांधायची, फीत एकदाच कापायची. योजनेचा हप्ता दरवर्षी ठरवता येतो. पद मात्र गळ्यात पडतं. हे भाजपवाला म्हणून नाही सांगत, मी बिलं पास केली आहेत.”

“म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.”

“नाही. मी सांगतोय की पैसा मर्यादित आहे. या वर्षी महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली आहे. सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज देऊन हातात काय उरतं?”

“उरतं त्यात लाडक्या बहिणींना छत्तीस हजार कोटी बसले की!”

मला वाटलं होतं इथे ठिणगी उडेल, पण उडाली ती भलत्याच बाजूनं. अण्णा म्हणाले, “त्यातले निम्मे आरोग्याला दिले असते तर मला आवडलं असतं.” आणि सिस्टर, ज्यांच्या पक्षानं या योजनेवर सभागृहात आणि बाहेर टीका केली, त्या योजनेच्या बाजूनं उभ्या राहिल्या.

“त्याला हात लावू नका, अण्णा. बाई स्वतःच्या दुखण्यासाठी नवऱ्याकडे पैसे मागत नाही, हे मी पस्तीस वर्षं पाहिलं. पाळी सहा-सहा महिने चुकते, गाठ हाताला लागते, तरी येत नाही. आता खात्यात पंधराशे रुपये आहेत तर रिक्षा करून येते. माझ्या शेजारच्या दोघी आल्या. एकीचं गर्भाशयाचं दुखणं वेळेत कळलं. प्रश्न इतकाच आहे, की ती आल्यावर तिला तपासायला कोण आहे?”

छत्तीस हजार कोटी म्हणजे एकूण अर्थसंकल्पाचा साधारण विसावा हिस्सा. आरोग्यावर महाराष्ट्र आपल्या खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर खर्च करतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना २०२०पर्यंत आठ टक्क्यांच्या वर जायला सांगितलं होतं. पंधराव्या वित्त आयोगानंही आठ टक्केच सांगितले. देशातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असलेल्या राज्यानं ती रेघ गाठलेली नाही, आणि या काळात मुंबईत तीन वेगवेगळे मुख्यमंत्री बसले. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं पंधराशेचे एकवीसशे करू म्हटलं. आघाडीनं तीन हजार आणि पंचवीस लाखांचा आरोग्य विमा देऊ म्हटलं. पाच लाख आणि पंचवीस लाख यांच्यात जळगाव-धुळ्याच्या भिंती रंगल्या. मी त्या प्रचारात रिक्त पदांचा आकडा एकाही मोठ्या फलकावर पाहिला नाही.

आकडा फार काळ झाकून राहिलाही नाही. मतदान होऊन महिना उलटला आणि हिवाळी अधिवेशनात महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, राज्याच्या सार्वजनिक आरोग्यावरचा अहवाल मांडला गेला. सार्वजनिक आरोग्य विभाग असो की वैद्यकीय शिक्षण विभाग, दोन्हींत नर्सच्या शंभरातल्या सुमारे पस्तीस जागा रिकाम्या. तपासणीचा काळ २०१६-१७ ते २०२१-२२, म्हणजे आधीचा अण्णांच्या पक्षाचा, नंतरचा सिस्टरांच्या आघाडीचा. मी तो आकडा वाचून दाखवला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवायचं टाळलं.

मात्र अण्णांनी लगेच कोरोनाचा विषय काढला. जून २०२०मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध कोरोनाबाधित महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला होता. अधिष्ठाता निलंबित झाले, देशभर जळगावचं नाव गेलं. “तेव्हा सरकार कोणाचं होतं, सिस्टर?”

“माझ्या लोकांचं होतं, आणि मला त्याची लाज वाटली. पण आठ दिवस स्वच्छतागृहाचं दार कोणी उघडलं नाही, याचा अर्थ आठ दिवस तिथे फिरायला माणूसच नव्हतं. अधिष्ठाता बदलून माणूस येत नाही. त्याच सरकारनं ४ मे २०२०ला सगळी भरती थांबवली, तेव्हा आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण वगळलं होतं. दार उघडं ठेवलं होतं. भरती मात्र कंत्राटी झाली. कोरोना ओसरल्यावर त्या मुलींना घरी पाठवलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या होत्या.”

कंत्राटी भरतीवर तर दोन्ही बाजूंनी शोभा करून घेतली. सप्टेंबर २०२३मध्ये बाहेरच्या कंपन्यांमार्फत सरकारी पदं भरण्याचा निर्णय निघाला, ऑक्टोबरमध्ये फडणवीसांनी तो रद्द केला आणि हे पाप आघाडीचंच असल्याचं सांगितलं. आघाडीनं उलट हिशेब मांडला. ते भांडण चालू होतं त्याच सुमारास नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळं. जबाबदारी कोणाची यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या निम्मंही औषधखरेदी कशी चालते यावर बोललं गेलं नाही.

जळगाव-धुळ्यात आणखी एक गाठ आहे, ती बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये सरकारनं जाहीर केलं, की १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत. राज्यभरातल्या २,४१८ संस्था. अण्णांनी पेढे वाटावेत असा निर्णय. पण जळगावचं सिव्हिल २०१८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, आणि महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. त्या निर्णयात तो विभाग नव्हता. धुळ्यातही हिरे महाविद्यालयाचं चक्करबर्डीचं मोठं रुग्णालय याच दुसऱ्या खात्याचं. म्हणजे प्राथमिक केंद्रातून मोफत निघालेला पेशंट, अवघड झाला म्हणून पुढे पाठवला, की खातं बदलतं. पेशंटला खातं कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की खाली पैसे लागले नाहीत आणि वर लागले.

“जळगावला मेडिकल कॉलेज आणलं ते गिरीशभाऊ महाजनांनी,” अण्णा म्हणाले. “ते वैद्यकीय शिक्षणमंत्री नसते तर आजही आपण संभाजीनगर, मुंबई करत बसलो असतो. आता चिंचोलीला सगळ्या पॅथींची महाविद्यालयं एका जागी होतील. डॉक्टर इथेच घडतील, इथेच राहतील. ही गुंतवणूक आहे. हे तुम्हाला नाकारता येणार नाही.”

“नाकारत नाही. आमच्याकडे हिरे कॉलेज किती वर्षांपासून आहे? शेकडो डॉक्टर तिथून बाहेर पडले. साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे, त्यातले किती राहिले? जिथे राहायला क्वार्टर नाही, हाताखाली नर्स नाही, रक्ताची पिशवी नाही, तिथे चांगला मुलगाही दोन वर्षांत कंटाळतो. त्याला दोष देऊ नका.”

धुळे लोकसभेची २०२४ची लढत मला या संदर्भात आठवते. एकीकडे डॉ. सुभाष भामरे, कर्करोगाचे शल्यविशारद, दुसरीकडे डॉ. शोभा बच्छाव, राज्याच्या माजी आरोग्य राज्यमंत्री. काँग्रेसच्या बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. आरोग्य आतून ओळखणारी दोन माणसं समोरासमोर, आणि इतकी अटीतटीची लढत. प्रचारात मात्र धर्म, कांदा, कापूस आणि संविधान हेच राहिलं. कांदा-कापसाचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आरोग्यावर खोलात जाऊन वाद घालता येईल अशी याहून चांगली जोडी खानदेशला पुन्हा कधी मिळेल?

मी तामिळनाडूचा विषय काढला. तिथेही करुणानिधींनी २००९ला विमा योजना काढली आणि जयललितांनी सत्तेवर आल्यावर तिच्या जागी दुसऱ्या नावाची योजना आणली. म्हणजे भांडण आपल्यासारखंच. पण औषधखरेदीचं सरकारी महामंडळ तिथे १९९४पासून आहे. ते जयललितांच्या काळात स्थापन झालं आणि द्रमुकनं ते मोडलं नाही. कोणत्या गोदामात किती औषध आहे हे तिथे संगणकावर कळतं, आणि त्याप्रमाणे जिल्ह्यांना पुरवठा होतो. महाराष्ट्रानं औषधखरेदीच्या प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३मध्ये.

“म्हणजे नावावर भांडा, पण गोदामाला हात लावू नका,” सिस्टर म्हणाल्या.

“गोदामापासूनच सुरुवात करावी,” अण्णा म्हणाले. “औषधाचा पैसा एप्रिलमध्ये सुटला पाहिजे, मार्चमध्ये नव्हे. त्याला नवं पद लागत नाही, नवा कर लागत नाही. आणि योजनेच्या दाव्यांचे पैसे सरकारी रुग्णालयांनाही मिळतात. तिथे शस्त्रक्रिया वाढल्या तर तो पैसा तिथेच येईल.”

“शस्त्रक्रिया वाढवायला हत्यारं हातात देणारी सिस्टर लागते. आधी माणसं भरा.”

“आधी औषध.”

“औषध टोचणार कोण?”

इथे दोघं अडले ते अजून अडलेलेच आहेत, आणि माझं मत सिस्टरांकडे झुकतं. पैशाची तंगी खरी आहे, पण ती दरवर्षी याच एका जागेवर का येते, याचं उत्तर अण्णांनीच दिलं होतं: कार्डावर नेत्याचा फोटो छापता येतो, इमारतीवर कोनशिला लावता येते, भरलेल्या पदावर काहीच लावता येत नाही. मतदारानं विचारल्याशिवाय हे बदलणार नाही, आणि मतदार आतापर्यंत योजना कोणाची एवढंच विचारत आलाय. त्यात आमचं घरही आलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत औषधांसाठी आलेला पैसा कोणत्या महिन्यात आला आणि ३१ मार्चला किती समर्पित झाला. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द बसतात, म्हणून ते पेन्सिलीनं शब्द मोजत होते. सिस्टरांनी आणखी एक प्रश्न घालायला लावला: रात्रपाळीत प्रत्येक वॉर्डात किती परिचारिका असतात. अण्णा म्हणाले, विषय वेगळा होतो, अर्ज फेटाळतील. सिस्टर म्हणाल्या, मग त्याचा वेगळा अर्ज करा. शिवाय खाती दोन, जिल्हे दोन. शेवटी अर्ज आठ झाले, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. जळगावचे चार अण्णांच्या सहीनं गेले, धुळ्याचे चार सिस्टर सोबत घेऊन गेल्या.